तिथी बघून या

नरपडला आमच्याकडे राहायला येऊ पाहणारे पाहुणे फोनवर दोन प्रश्न हमखास विचारतात. खोलीतून समुद्र दिसतो का, आणि जेवणात पापलेट मिळेल ना. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दिसत नाही. मध्ये सुरूची झाडं आहेत, आणि पावसाळ्यातला वारा ती अंगावर घेतात म्हणून मागची वाडी टिकून आहे. दुसऱ्या प्रश्नावर मी उलट विचारते, "कोणत्या तिथीला येताय?" तिथी कुणालाच सांगता येत नाही. तारीख कळली की भिंतीवरचं कॅलेंडर बघून ती मीच काढते आणि मग सांगते, की त्या दिवशी ताटात साधारण काय पडेल आणि संध्याकाळी समुद्र कुठे असेल.

आमची चिकूची वाडी डहाणू-बोर्डी रस्त्याला लागून आहे. सासऱ्यांच्या वेळी चिकूच्या पाट्या ठेवायला बांधलेल्या दोन खोल्या आम्ही नीट करून घेतल्या आणि मुंबईहून, कधी वापी-वलसाडकडून येणाऱ्या माणसांना द्यायला लागलो. स्वयंपाक मी आणि माझी धाकटी जाऊ करतो. मोठी मुलं नोकरीसाठी बाहेर गेली. पुतणी तेवढी इथे राहिली आहे. फोन आणि हिशेब ती सांभाळते. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि येणाऱ्यांची संख्या वाढली. आधी ओळखीपाळखीतली माणसं यायची. आता ज्यांना या गावाचं नावही नवीन आहे, अशी येतात. त्यांना गाव दाखवण्याची जबाबदारी आपोआप आमच्यावर येते, आणि मी ती मनापासून घेते.

आमचा किनारा सपाट आहे. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. इतक्या सपाट वाळूवर एवढा फरक म्हणजे पाणी किती लांब जात असेल याची कल्पना करा. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी सूर्य पाहायला आलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहून विचारतो, "समुद्र कुठे गेला?" तो समोरच असतो, पण मैदानापलीकडे चमकणारी रेघ होऊन.

कोळ्यांचा हिशेब जुना आणि पक्का आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. मुंबईपेक्षा आमच्याकडे पाणी थोडं मागाहून चढतं, तेवढी भर घालायची. म्हणजे ज्यांना संध्याकाळी पायाशी लाटा हव्या आहेत त्यांनी सप्तमी-अष्टमीच्या सुमारास यावं. ज्यांना चालायचं आहे, मुलांना खेकडे दाखवायचे आहेत, त्यांनी पौर्णिमा-अमावास्या धरावी. सकाळी लवकर आणि पुन्हा दिवेलागणीला सगळा तळ उघडा पडलेला मिळतो. शनिवार-रविवारशी समुद्राचा काही करार झालेला नाही, एवढं एकदा पटलं की पाहुणे खूश होऊन जातात. न पटलेले चिडतात. "बीच म्हणता आणि पाणीच नाही," असं मला ऐकवलेलं आहे.

ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर काय असतं ते बसून बघावं लागतं. उभ्याने काही दिसत नाही. बारीक खेकडे वाळू तोंडात घालून त्यातलं अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती मांडत जातात. पाणी परत येईपर्यंत त्यांची मोठी नक्षी झालेली असते. थंडीत तुतवार आणि कुरव येतात. खाडीच्या तोंडाशी चिखलात निवटे उड्या मारत असतात. त्यांचं कालवण आमच्या घरी होतं, पण पाहुण्यांना ते मी आधी दाखवते, मग विचारते, मगच करते.

एक गोष्ट मात्र मी दटावून सांगते. गाडी वाळूवर न्यायची नाही. वरून घट्ट दिसणारी वाळू खाली चिखलाची असते आणि भरती समोरून सरळ येत नाही. सखल भागातून बाजूने शिरते आणि माणूस मागे वळून बघतो तेव्हा परतीच्या वाटेवर पाणी असतं. ट्रॅक्टर बोलावून दोर लावून ओढलेल्या गाड्या इथल्या प्रत्येक माणसाने पाहिल्या आहेत. वेळेवर ट्रॅक्टर मिळाला नाही तर खारं पाणी इंजिनात जातं आणि पुढचा खर्च सहलीच्या अनेक पट होतो.

आता पापलेट. २०२३ साली सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान दिला. सातपाटीचं पापलेट तर आमच्याच जिल्ह्यातलं, नावाजलेलं. मान मिळण्यामागचं कारण मात्र काळजीचं आहे. पापलेट कमी होत चाललं आहे आणि वाढ न झालेली पिल्लं जाळ्यात धरली जातात. बाजारात तळहाताएवढं पापलेट दिसलं की मी ते घेत नाही. पाहुण्यांच्या ताटात ते गोंडस दिसतं, अख्खं मावतं, म्हणून मागणी त्यालाच असते, आणि नेमकी ही मागणीच त्याच्या मुळावर उठली आहे. मोठं, ताजं मिळालं तर आणते. त्याचा भाव आधी सांगते. नाही मिळालं तर नाही. बर्फातली सुरमई लांबून आणून "इथलीच आहे" म्हणून वाढणं मला जमणार नाही.

इथला खरा मासा बोंबील. डोल जाळ्यात तो मिळतो. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. ते प्रवाहाकडे तोंड करून समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते. ओढ जोरात असेल तर पिशवी भरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जोरात, अष्टमीच्या भांगाला मंद. म्हणून बोंबीलही तिथीनेच येतो. डहाणू खाडीवरून टोपली घेऊन येणारी मावशी अष्टमीला दारातूनच सांगते, "बाय, आज भांग हाय, बोंबलाचं नाव काढू नको. मांदेली हाय, करंदी हाय, बोलशील ती देते." मी बोलते ती करंदी. कैरी घालून, लसूण ठेचून, तांदळाच्या भाकरीबरोबर. ज्यांनी पापलेटसाठी फोन केला होता ते दुसऱ्या वाटीला नाही म्हणत नाहीत.

उधाणाचा बोंबील आला की स्वयंपाकघराची वेळ बदलते. हा मासा ताजा असतानाच करावा लागतो. त्यात पाणी फार आणि तो लगेच मऊ पडतो. डोकं, पर, शेपूट काढायची, पोटातून चीर देऊन उघडायचा, मीठ लावायचं आणि स्वच्छ फडक्यात सरळ मांडून वर पाटा ठेवायचा. अर्ध्या-पाऊण तासात फडकं भिजून चिंब होतं. मग हळद, घरचा लाल मसाला, चिंचेचा कोळ, थोडं आलं-लसूण. तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडला की हात आवरायचा. एक बाजू पुरी कडक होईस्तोवर त्याला शिवायचं नाही. उलटायचा तो एकदाच. दोनदा उलटला की मोडला. मुंबईच्या पाहुण्यांना तो आतून लोण्यासारखा लागतो आणि ते विचारतात की मसाला कुठला. मसाल्याचं त्यात थोडंच आहे. श्रेय पाट्याला आणि त्या दिवशीच्या पाण्याला.

खाल्ल्यावर त्यांना मी वलांड्या बघायला पाठवते. बांबूच्या मांडवांवर दोऱ्या ताणलेल्या असतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकलेली असते. खिळा नाही, सुतळी नाही. कडक उन्हात काही दिवसांत तो खडखडीत वाळतो. वास येतो म्हणून नाक धरणाऱ्यांना मी हे मुद्दाम दाखवते, कारण पावसाळ्यात हेच या किनाऱ्याचं जेवण आहे. डोलीवर जाणारा पुरुष असतो, पण जोड्या अडकवणं, उलटणं, पाऊस आला तर धावत जाऊन काढणं, निवडणं आणि बाजारात नेऊन विकणं सगळं बायकांच्या हातचं. त्यांच्या फोटोला हरकत नसते. आधी विचारलं तर.

चिकूचं सांगायला हवं, कारण आमचं घर त्यावर उभं राहिलं. घोलवडला पहिली लागवड १८९८ सालची, असं फळबागांच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी या पट्ट्यात मोठ्या वाड्या उभ्या केल्या आणि कालीपत्ती चिकू इथलाच झाला. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पाहुण्यांना झाडाखाली उभं करून मी नखाने सालीवर बारीक ओरखडा काढायला लावते. आत हिरवं दिसलं तर फळ अजून झाडावर राहू द्यायचं. पिवळसर दिसलं तर काढायला झालं. झाडावरून तोडून लगेच खाता येत नाही, चिकाने ओठ चिकटतात, हे मोठ्या माणसांनाही नवीन असतं. तोडलेला चिकू धुऊन, निवडून, दोन-चार दिवस पिकवावा लागतो. म्हणून जाताना पिशवीत देते ते दोन टप्प्यांतले: काही उद्याचे, काही परवा-तेरवाचे. वाळवलेल्या चिकूच्या चकत्या, पावडर, हलवा, लोणचं असं हल्ली पुष्कळ होतं. बोर्डीला थंडीत चिकू महोत्सव भरतो तेव्हा हे सगळं एका जागी मिळतं. माझ्या मते चिकूचं खरं सुख नीट पिकलेल्या फळातच आहे, बाकीचं जोडीला.

थंडीत आणखी एक गोष्ट होते जी दुसऱ्या कुठल्याच ऋतूत मी करत नाही. उकडहंडी. पापडी वाल कोवळी आली पाहिजे, रताळी आणि कोनफळ खणून निघालं पाहिजे, लसणीची हिरवी पात बाजारात दिसली पाहिजे. हे तिन्ही जमलं की मातीची हंडी निघते. भाज्या मोठ्या मोठ्या चिरायच्या, वालाच्या शेंगा अख्ख्या ठेवायच्या, ओवा, मीठ, हिरवी मिरची, आलं, ओलं खोबरं आणि तेल यांत सगळं हाताने चोळायचं. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला कोंबून हंडी निखाऱ्यांत ठेवायची आणि बायकांनी गप्पा मारत बसायचं. कोनफळाचा जांभळा रंग रताळ्याला लागतो, ओव्याचा वास सगळ्या वाडीत फिरतो. जैन पाहुण्यांना कंद चालत नाहीत, त्यांच्यासाठी पापडी आणि कच्ची केळी घालून वेगळी हंडी लावते. सरहद्दीपलीकडे वलसाडच्या हमरस्त्यावर उबाडियूची मडकी विकायला असतात, ती याचीच बहीण. एकच माती, एकच थंडी.

भटकायचं असेल तर बोर्डीहून अस्वालीच्या धरणाकडे जावं आणि तिथून बाहरोटच्या गुंफांपर्यंत डोंगर चढावा. पारशांचं जुनं गाव संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी या गुंफांत बारा वर्षं जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. तोच अग्नी आज उदवाड्याला आहे. चढ दमवणारा आहे; ऊन चढण्याआधी निघावं आणि वर चपला-बूट, आवाज यांचं भान ठेवावं, कारण पारशी लोक अजून तिथे दर्शनाला येतात. चैत्रात येणाऱ्यांनी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चुकवू नये. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस अख्खा मुलूख तिथे लोटतो. कोसबाडची टेकडी मी शिक्षकांना आवर्जून सुचवते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं आणि अनुताई वाघांनी जन्मभर ते चालवलं. गुरं राखणाऱ्या मुलांमागे रानात शाळा नेणारी ही माणसं इथली.

"वारली डान्स बघायला मिळेल का?" हा प्रश्न मला खटकतो. आमच्या वाडीत चिकू तोडायला येणाऱ्या बायका वारली आहेत. तारपा वाजतो तो भात घरात आल्यावर, त्यांच्या पाड्यात, त्यांच्या आनंदासाठी. पैसे देऊन अंगणात नाच उभा करायला मी कधी तयार झाले नाही. त्याऐवजी गंजाडची वाट दाखवते. जिव्या सोमा मशे तिथले. लग्नघरच्या भिंतीवरचं चित्र त्यांनी जगभर नेलं आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज तिथे घराघरात चित्रकार आहेत. त्यांच्याकडे बसावं, काम बघावं, त्यांनी सांगितलेल्या किमतीला चित्र घ्यावं. आणि तलासरीकडे जाणार असाल तर हेही लक्षात असू द्यावं, की १९४५ साली झरीला वारल्यांनी परिषद भरवून वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी तो लढा जवळून लिहिला आहे. ज्या वाड्यांत आपण गारवा शोधतो त्यांना पाणी घालणारे हात कुणाचे होते, हे त्यातून कळतं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर कासवं वाहून येतात. ऑलिव्ह रिडले जास्त, कधी हिरवी कासवंही. जाळ्यात गुरफटून पर तुटलेली, थकलेली, काही तर बुडीच मारू न शकणारी. पाहुणे कळवळून त्यांना परत पाण्यात ढकलायला धावतात. तसं करू नये. जखमी कासव पाण्यात ढकललं तर ते वाचत नाही. सावली करावी, ओलं कापड टाकावं, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात आणि वनविभागाला कळवावं. डहाणूला पारनाक्यावर वनविभागाच्या आवारात कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तिथून माणसं येतात. बरी झालेली कासवं समुद्रात सोडतात तेव्हा गावातली पोरं दुतर्फा उभी असतात.

हा तालुका असा हिरवा राहिला तो आपसूक नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यावर देखरेख ठेवणारं प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. आता ते बंदर पुन्हा आलं आहे, सुमारे ७६ हजार कोटींचं, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणीही झाली. समुद्रात भराव पडला की ओढ बदलेल, आणि ओढीवरच तर डोल चालते. म्हणून टोपलीवाल्या मावशीच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. नोकऱ्या येतील असंही घरोघरी बोललं जातं, आमच्या घरातही. मी कुणाशी वाद घालत नाही, पण पाहुण्यांनी विचारलं तर मला काय वाटतं ते सांगते: खुंट जिथे आहेत तिथला समुद्र कोळ्यांचा आहे आणि त्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावायला नको होता.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. ६१ दिवस. तेव्हा येणारे पाहुणे थोडे, पण मला ते फार आवडतात. पहिल्या पावसाच्या आगेमागे डहाणू रोडच्या बाजारात वारली बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं खाजरी, त्यांच्याबरोबर काकडं घ्यावीच लागतात, ती आंबट फळं वाटून घातली की खाज मरते. वरचा जांभळा-पिवळा भाग काढून टाकायचा, देठ बारीक चिरायचा, काकडांच्या रसात शिजवायचा आणि त्यात सुकी करंदी टाकायची. या भाजीसाठी मुलुंडहून एक आजी-आजोबा दर पावसाळ्यात येतात. समुद्रावर ते जातही नाहीत. जुडीमागे पाच रुपये कमी करा म्हणणाऱ्या दुसऱ्या पाहुण्याला त्या आजींनीच एकदा थांबवलं होतं. त्या म्हणाल्या, "ही बाई पहाटे रानात वाकली आहे."

पुतणीचं म्हणणं होतं, आपलं एक छापील मेनूकार्ड असावं. बाकी सगळ्यांचं आहे. आमचं त्यावर बरेच दिवस चाललं. जाऊ तिच्या बाजूने होती, कारण दर फोनला तेच तेच सांगून तोंड दुखतं. शेवटी पुतणीनेच तोड काढली. दर महिन्याला ती एक तक्ता करते: तारीख, तिथी, भरती-ओहोटीची वेळ, आणि पुढे त्या दिवसांत काय मिळण्याची शक्यता आहे ते. बुकिंग करणाऱ्याला तो फोनवर पाठवते. पापलेटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "मिळालं तर" असं लिहिलेलं असतं. काही लोक तक्ता बघून येणं रद्द करतात, काही तारीख बदलून अष्टमीची घेतात. आषाढाचा तक्ता अजून गेलेला नाही. शेवळं संपून कर्टुली आली का ते बाजारात बघून मग पाठवते, म्हणाली.